पुणे परिसरातील देशी-परदेशी सहकाऱ्यांचा कामाच्या ठिकाणचा संवाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, तळेगाव आणि रांजणगावच्या कारखान्यांत, तसेच हिंजवडीच्या कार्यालयांत आज नागोयाहून आलेला अभियंता, स्टुटगार्टशी रोज बोलणारी प्रकल्पप्रमुख, जुन्नरचा सुपरवायझर, कोइम्बतूरची डिझायनर आणि सिवानहून आलेला कंत्राटी कामगार एकाच कामात गुंतलेले असतात. जपानी-मराठी दुभाषी म्हणून अशा ठिकाणी मी अनेक वर्षे काम करत आले आहे. सुपरवायझर, एचआर विभागातील मंडळी आणि नव्याने रुजू झालेले अभियंते मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

सुपरवायझरने ‘हो’ म्हटले होते, तरी काम झाले नाही. त्याने खोटे सांगितले का?

बहुतेक वेळा नाही. मराठीत ‘हो’ हा शब्द होकारासाठी वापरला जातो, तसाच तो हुंकारासाठीही वापरला जातो. आजी गोष्ट सांगत असताना नातवंडे मधून मधून ‘हं’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘आम्ही ऐकतो आहोत’ एवढाच असतो. जपानी भाषेतील ‘हाय’ नेमके हेच काम करते. समोरच्याच्या बोलण्याला असे हुंकार देण्याच्या रीतीला जपानीत ‘आइझुची’ म्हणतात, आणि हा शब्द ऐरणीवर दोन लोहारांनी आळीपाळीने घण मारण्यावरून आलेला आहे. खरे तर मराठी आणि जपानी माणसाने या बाबतीत एकमेकांना चटकन ओळखायला हवे. अडचण अशी होते की दोघांचेही हुंकार मधल्या इंग्रजीतून जाताना ‘येस’ होतात, आणि ‘येस’ कागदावर उतरला की त्याचे वचन बनते.

एका पुरवठादाराच्या कारखान्यात बुधवारी दुपारी जपानी अभियंत्याने विचारले, की शुक्रवारी सहा नमुने मिळतील का. सुपरवायझर म्हणाले, “होऊन जाईल, सर.” मी जपानीत सांगितले, की होतील. शुक्रवारी टेबलावर चार नमुने होते आणि दोन अजून हीट ट्रीटमेंटहून परत आलेले नव्हते. अभियंत्याला फसवणूक झाल्यासारखे वाटले, तर दोन रात्री जागून चार नमुने उभे करणाऱ्या सुपरवायझरना आपल्या कष्टांचा अपमान झाल्यासारखे वाटले. चूक माझी होती. ‘होऊन जाईल’ या शब्दांत आशा असते, दारी आलेल्या पाहुण्याला नाही कसे म्हणायचे हा संकोच असतो, आणि काही गोष्टी आपल्या हातात नाहीत याची कबुलीही असते. यातले काहीच मी पलीकडे पोहोचवले नव्हते.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंना एक वेगळा प्रश्न विचारायला सांगते : “शुक्रवारी सहा नमुने हातात यायचे असतील, तर आज संध्याकाळपर्यंत काय काय पूर्ण झालेले असायला हवे?” या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देताच येत नाही. उत्तर देणाऱ्याला नकार द्यावा लागत नाही, त्यामुळे त्याचा मान राहतो, आणि हीट ट्रीटमेंटची अडचण बुधवारीच समोर येते.

याच्याच जोडीला, नकारार्थी प्रश्न शक्यतो विचारू नयेत. “पार्ट आला नाही का?” या प्रश्नावर जपानी माणूस ‘हाय’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘बरोबर, आला नाही’ असा होतो, आणि इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा पार्ट आल्याचे समजतो. “पार्ट आला का?” एवढे विचारले की गोंधळ उरत नाही.

जपानी सहकाऱ्याचा नकार ओळखायचा कसा, आणि जर्मन सहकाऱ्याचा नकार पचवायचा कसा?

जपानी बैठकीत ‘विचार करून पाहतो’ अशा अर्थाचे ‘केन्तो शिमासु’ ऐकू आले, किंवा श्वास आत ओढत ‘चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडले गेले, तर तो बहुधा नकार असतो. आपल्याकडच्या ‘बघू’ची हीच जात आहे. लग्नाच्या बैठकीत वधूपित्याने ‘कळवतो’ म्हटल्यावर काय समजायचे ते आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच कान येथे वापरावा.

जर्मन सहकारी मात्र चारचौघांत ‘हे चूक आहे’ असे सरळ म्हणतो, आणि बैठक संपल्यावर त्याच माणसाला कॉफीला बोलावतो. तेथे कामावरची टीका आणि माणसावरचा राग या दोन गोष्टी पुष्कळ वेगळ्या ठेवल्या जातात. आपल्याकडे त्या तितक्या वेगळ्या राहत नाहीत, विशेषतः हाताखालच्या लोकांसमोर चूक दाखवली गेली तर माणूस आतून दुखावतो. म्हणून जर्मन व्यवस्थापकांना मी सांगते, की चूक जरूर दाखवा, पण पहिल्यांदा एकट्याला बोलावून दाखवा. भारतीय सहकाऱ्यांना सांगते, की त्या वाक्यात स्वतःचे नाव शोधू नका, ड्रॉइंगचा नंबर शोधा.

बैठकीच्या नोंदी नीट लिहिल्या जातात, तरी नंतर जबाबदारीवरून वाद होतात. असे का?

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द आहेत. ‘आम्ही तपासू’ म्हटले की तुम्ही त्यात नाही, आणि ‘आपण तपासू’ म्हटले की तुम्हीही त्यात आहात. हा फरक आपण श्वासाइतक्या सहज करतो, पण इंग्रजीच्या ‘वी’मध्ये तो नाही आणि हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. जपानीत तर कर्ता पुष्कळदा बोललाच जात नाही, तो संदर्भावरून ओळखायचा असतो. त्यामुळे मराठी पर्यवेक्षकाने ‘आपण तपासून घेऊ’ म्हणजे ‘दोघे मिळून तपासू’ असे म्हटले, की नोंदीत ‘तपासले जाईल’ असे उतरते. पंधरा दिवसांनी दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

नोंदीतल्या प्रत्येक कामापुढे एका व्यक्तीचे नाव आणि तारीख असावी. कंपनीचे किंवा विभागाचे नाव पुरत नाही. नोंदी बैठक संपण्यापूर्वी पडद्यावर सर्वांसमोर वाचाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी ईमेलने आलेल्या नोंदींवर हरकत घेणे कनिष्ठ माणसाला जड जाते.

तारखा, वेळा आणि आकडे तरी सर्वांना सारखेच समजतात ना?

मला स्वतःला सर्वाधिक चुका येथेच आढळल्या आहेत. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. मराठीत काल आणि उद्या वेगळे असले, तरी ‘परवा’ दोन्हीकडे जातो. पाळी बदलताना “कल का माल” असे सांगून घरी गेलेल्या कामगाराच्या शब्दांवर पुढच्या पाळीने आठवणीने नव्हे, तर अंदाजाने काम केले, असे मी पाहिले आहे. सव्वा, दीड, अडीच, साडे आणि पावणे यांची आपल्याला इतकी सवय असते, की दक्षिणेतून आलेल्या सहकाऱ्याला ‘पावणेचार’ म्हणजे तीन पंचेचाळीस हे सांगावे लागेल, हे सुचतच नाही. जर्मनमध्ये ‘हाल्ब फिअर’ शब्दशः ‘अर्धे चार’ असते आणि त्याचा अर्थ साडेतीन होतो. तेच शब्द इंग्लंडमधल्या बोलण्यात साडेचारसाठी वापरतात.

पैशांचे आकडे याहून नाजूक आहेत. जपानीत मोजणी दहा हजारांच्या ‘मान’ने होते आणि त्यानंतरचा टप्पा ‘ओकु’ म्हणजे आपले दहा कोटी. आपला एक लाख म्हणजे दहा मान, आणि एक कोटी म्हणजे हजार मान. बोलता बोलता हे रूपांतर करताना अनुभवी दुभाषीही शून्य चुकतो. जर्मन कागदांवर दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब असते, त्यामुळे ‘१.५००’ म्हणजे दीड हजार असू शकतात आणि ‘१,५’ म्हणजे दीड. दर, वजन आणि माप नेहमी अंकांत लिहून, एकक जोडून दाखवावे. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने आणि दिवस तारखेने लिहावा.

जपानी वरिष्ठ दर तासाला विचारणा करतात. त्यांचा आमच्यावर विश्वास नाही का?

जपानी कार्यालयात नवख्या माणसाला ‘होरेन्सो’ शिकवतात. होकोकु म्हणजे अहवाल देणे, रेनराकु म्हणजे कळवणे आणि सोदान म्हणजे सल्ला घेणे, या तीन शब्दांच्या आरंभाक्षरांपासून हा शब्द बनला आहे. त्याचा उच्चार पालकाच्या भाजीच्या जपानी नावासारखाच असल्यामुळे तो लक्षात राहतो. या पद्धतीत अडचण आली की लगेच सांगणे हे चांगल्या कामाचे लक्षण मानले जाते. आपल्याकडच्या अभियंत्याला मात्र वाटते, की अडचण आधी स्वतः सोडवावी आणि मगच साहेबांकडे जावे, नाहीतर आपण कच्चे ठरू. दोघांचाही हेतू चांगला असतो. मी ज्या संघांत हे बसलेले पाहिले, तेथे अहवालाच्या वेळा आधी ठरवून घेतल्या होत्या. सकाळी अकरा आणि दुपारी चार, दोन ओळी, काम पुढे सरकलेले नसले तरीही. वेळ ठरली की अधूनमधून होणारी विचारणा आपोआप कमी होते, कारण ती शांततेमुळे वाढत असते.

देशांच्या संस्कृतीचे गुणांक दाखवणारे तक्ते उपयोगाचे आहेत का?

थोडेफार. गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ या काळातील पाहण्यांवरून हे मोजमाप मांडले. त्यात ‘सत्तेचे अंतर’ म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधील असमानता लोक किती स्वीकारतात, या निकषावर भारताला ७७, जपानला ५४ आणि जर्मनीला ३५ गुण आहेत, तर ‘अनिश्चितता टाळण्या’च्या निकषावर जपानला ९२ आणि भारताला ४० गुण आहेत. जपानी सहकारी पर्यायी योजनेचीही पर्यायी योजना का मागतो, हे समजायला शेवटचे दोन आकडे मदत करतात.

परंतु हे एका कंपनीच्या नोकरदारांचे, पन्नास वर्षांपूर्वीचे आणि देशागणिक सरासरीचे आकडे आहेत. कोल्हापूरचा रोखठोक माणूस आणि पुण्याचा मोजून बोलणारा माणूस यांना एकाच ७७ मध्ये बसवता येत नाही, मग अख्ख्या भारताची गोष्टच दूर. तक्ता पाहून समोरच्याविषयी प्रश्न सुचत असतील तर तो जवळ ठेवावा, उत्तरे मिळाल्यासारखी वाटू लागली तर बाजूला ठेवावा.

दुभाषी असताना बोलण्याची पद्धत बदलावी लागते का?

होय. दुभाष्याकडे न पाहता ज्याच्याशी बोलायचे आहे त्याच्याकडे पाहून बोलावे, दोन-तीन वाक्यांनंतर थांबावे आणि ड्रॉइंग किंवा कागद आदल्या दिवशी दुभाष्याला द्यावेत. ‘हे त्यांना सांगू नकोस’ असे त्याच्या कानात सांगून त्याला आपल्या बाजूचा माणूस बनवू नये. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, त्यामुळे वरची पातळी उत्तीर्ण झालेल्या तरुणाला पहिल्याच आठवड्यात दराच्या वाटाघाटीला बसवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

आमच्या कारखान्यात परदेशी पाहुण्यांविषयी प्रशिक्षण होते. भारतीय कामगारांमधील विविधतेसाठी वेगळे काही करावे लागते का?

या पानावर मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच. जपानी पाहुणे यायचे असले, की व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसे द्यावे याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. त्याच आवारात प्रेसवर उभ्या असलेल्या ओडिशाच्या कामगाराला सुरक्षिततेची माहिती वीस मिनिटांत, त्याला अर्धीमुर्धी समजणाऱ्या हिंदीत दिली जाते आणि रजिस्टरवर सही घेतली जाते. जुळवून घेण्याचे ओझे नेहमी खालच्या माणसाच्या डोक्यावर येते. वरच्या माणसासाठी मात्र दुभाषी ठेवला जातो.

‘बाहेरचा कामगार म्हणजे हिंदी भाषक’ हे गृहीतक सोडून द्यावे. ओडिया, बंगाली, भोजपुरी आणि मैथिली बोलणारी माणसे आपल्या लाइनवर असतात. महाराष्ट्राच्याच नंदुरबार किंवा गडचिरोलीहून आलेल्या तरुणाची घरची भाषा भिली किंवा गोंडी असू शकते. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याने आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट घातली होती. ‘बहुसंख्य’ या शब्दात जे बसत नाहीत, त्यांचे हातही त्याच प्रेसखाली जातात. म्हणून कायद्याने सांगितले तेवढ्यावर थांबू नये.

एका कारखान्यात पाहिलेली पद्धत सांगते. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या यंत्रावर लाल टॅग लावलेला होता आणि त्यावर इंग्रजीत सूचना होती. तेथील सुरक्षा अधिकाऱ्यांनी नव्या कामगाराला “समजले का?” असे विचारले नाही. त्यांनी टॅग त्याच्या हातात दिला आणि म्हटले, “हा दिसला तर तुम्ही काय कराल, ते करून दाखवा.” त्या मुलाने टॅग काढून खिशात ठेवला आणि स्टार्ट बटणाकडे हात नेला. त्याला वाटले होते, की टॅग म्हणजे यंत्र तयार असल्याची चिठ्ठी. वीजपुरवठा बंद होता, म्हणून ते केवळ प्रात्यक्षिक ठरले. त्या आठवड्यात टॅगवर तुटलेल्या हाताचे चित्र आले, मराठी, हिंदी आणि ओडिया मजकूर आला, आणि नव्या माणसाला त्याच्याच भाषेतल्या जुन्या कामगाराबरोबर पहिला पंधरवडा उभे करण्याची प्रथा सुरू झाली. त्या जुन्या कामगारांना या कामाचा वेगळा भत्ता मिळावा, असे मला वाटते, कारण ते दुभाष्याचेच काम करत असतात.

कार्यालयात सर्वांनी मराठी बोलावे, की हिंदी, की इंग्रजी?

महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावे आणि कंपनीने त्यासाठी कामाच्या वेळेत वर्ग ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यात परदेशी भाषांच्या वर्गांना भरघोस प्रतिसाद मिळतो, तर मराठीच्या वर्गांना का मिळू नये? मात्र बैठक ज्या भाषेत सुरू झाली, त्याच भाषेत निर्णय झाला पाहिजे. “दोन मिनिटे मराठीत बोलून घेऊ” असे म्हणून पाच जण बोलतात, आणि सहावी कोइम्बतूरची डिझायनर फोनकडे पाहत बसते. ज्याचा तिच्या कामावर परिणाम होणार, तो निर्णय त्या दोन मिनिटांत होऊन गेलेला असतो. नेमके हेच मुख्यालयाच्या इंग्रजी बैठकीत आपल्या सुपरवायझरच्या वाट्याला येते. त्याला मराठीत बोलू द्यावे आणि शेजारच्याने ते इंग्रजीत सांगावे. लाइनविषयी सर्वाधिक माहिती त्याच्याकडेच असते.

सणांच्या सुट्ट्यांवरून दरवर्षी ताण निर्माण होतो. काय करावे?

दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात ८ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या आहेत, तर उरलेल्या ४ सुट्ट्या मालक आणि कामगार यांनी परस्परसंमतीने ठरवायच्या आहेत. या संमतीच्या तरतुदीचा उपयोग फार कमी ठिकाणी मनापासून होतो. जुनीच यादी दरवर्षी सहीसाठी फिरते.

ऐच्छिक सुट्ट्या ठेवल्या, तर कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जाता येते, बिहारच्या कामगाराला दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणारी छठपूजा करता येते, कोणाला ईद, कोणाला १४ एप्रिल, तर कोणाला नाताळ. जपानी कार्यालये एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि ऑगस्टच्या मध्याला ओबोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणासाठी बंद असतात. त्यामुळे मान्यता हवी असलेली कागदपत्रे त्याआधी पाठवावीत. रमजानमध्ये रोजा असणाऱ्या सहकाऱ्याची बैठक इफ्तारच्या वेळेला ठेवू नये.

जेवणाबाबत काय काळजी घ्यावी?

कोणालाही आग्रह करू नये आणि कारण विचारू नये. जपानला कामासाठी जाणाऱ्या शाकाहारी मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावे, की भाज्यांच्या सूपातही ‘दाशी’ असते आणि ती बहुधा सुकवलेल्या माशापासून बनवलेली असते. ‘मांस चालत नाही’ एवढे सांगितल्यावर मासा वाढला जाणारच. मासा आणि माशाचा अर्कही चालत नाही, हे जपानीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे.

‘आमच्याकडे असेच चालते’ असे म्हणून एखादा सहकारी स्पर्श किंवा विनोद समर्थनीय ठरवत असेल तर?

तो संस्कृतीचा प्रश्न नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा भारतातील कार्यालयात काम करणाऱ्या सर्वांना लागू आहे, मग ते कोणत्याही देशाचे असोत. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तक्रार साधारणपणे ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. पाहुणा मोठ्या ग्राहकाकडून आलेला आहे, म्हणून समितीने मागे सरू नये.

नव्या सहकाऱ्याला आडनाव आणि गाव विचारणे हा तर आपुलकीचा भाग आहे. त्यात गैर काय?

विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असेलही. “कुठले तुम्ही? आडनाव काय?” असे विचारून आपण ओळखीचा धागा शोधतो, आणि कित्येकदा तो सापडतोही. पण ज्यांच्या घरी याच प्रश्नानंतर पाण्याचा पेला वेगळा ठेवला गेल्याच्या आठवणी आहेत, त्यांना तो प्रश्न जातीची चौकशी म्हणूनच ऐकू येतो. एका तरुण अभियंत्याने मला सांगितले, की नव्या नोकरीत पहिल्या दिवशी त्याला सात जणांनी आडनाव विचारले. पाचव्या वेळेपासून तो उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याचा चेहरा वाचू लागला होता. आपल्या विविधता प्रशिक्षणांत जपान असतो, जर्मनी असतो, पण जातीचा उल्लेख क्वचित असतो, आणि याचा मला मनापासून खेद वाटतो. हा विषय परदेशातही आपल्याबरोबर जातो. अमेरिकेतील सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली, कारण तेथे काम करणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांनीच तशी मागणी केली होती.

जपानी पद्धतीत आडनावाला ‘सान’ हा आदरार्थी प्रत्यय जोडतात. भारतीय सहकाऱ्यांच्या बाबतीत पहिल्या नावाला ‘सान’ जोडले तरी चालते, आणि आमच्याकडे आलेल्या बहुतेक जपानी मंडळींनी ते आनंदाने स्वीकारले आहे. नव्या माणसाला “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” असे विचारावे आणि तो जे नाव सांगेल ते ओळखपत्रावर मोठ्या अक्षरांत छापावे. चहा देणाऱ्या मामांच्या आणि सफाई करणाऱ्या मावशींच्या ओळखपत्रावरही तसेच छापावे. त्यांचे खरे नाव मजल्यावरच्या किती जणांना माहीत आहे, हे एकदा विचारून पाहावे.